बारीक व्हायच्या सुईसाठी कर्ज

संक्रांतीचा तिळगूळ सगळ्यांचा घेऊन, देऊन झाला असेल. दुपारची भांडी आवरून, पाय पसरून रेडिओ लावला असेल तर तसंच बसा. आम्ही बचत गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय.

गेल्या काही महिन्यांत शेजारच्या गटांतल्या बऱ्याच जणींनी आम्हाला गाठून विचारलं, "तुमच्या गटानं म्हणे बारीक व्हायला कर्ज दिलं, खरं का?" बाजारात विचारलं, एसटीत विचारलं, एकीनं तर लग्नाच्या पंगतीत विचारलं. म्हटलं, एकेकीला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांनीच "सांगा" म्हटलंय. फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या. गावाला नाव ठाऊक आहेच, तो भाग वेगळा.

श्रावणातली बैठक होती. अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही चौदा जणी. बचत गोळा झाली, मागचे हप्ते लिहून झाले आणि कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एकीला खताला पाहिजे होते, एकीला पोराच्या फीला, एकीला शेळी घ्यायची होती. मग या ताई म्हणाल्या, "मला वीस हजार पाहिजेत. बारीक व्हायच्या सुईसाठी."

क्षणभर कुणी काही बोललं नाही, आणि मग हशा पिकला. आम्हीही हसलो. पुढचं सगळं सांगताना हे लपवून चालणार नाही, म्हणून आधीच सांगतो. कुणी म्हणालं, "भाकरी एक कमी कर, फुकटात होतंय." कुणी म्हणालं, "चल आमच्याबरोबर खुरपायला." ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बैठकीला मी खुर्ची मागते तेव्हा तुम्हाला मोठेपणा वाटतो. मला खाली बसलं की उठता येत नाही गं. म्हशीखाली बसते ती स्टुलावर. चार वर्षं झाली, साखर गोळ्यांनी ताब्यात येत नाही. भाकरी कमी करून बघितली नसेल असं वाटतं का तुम्हाला?"

मग आम्ही गप्प झालो.

ताईंचं वय अडतीस, उंची पाच फूट, वजन ९२ किलो. उंची आणि वजन मिळून डॉक्टर एक आकडा काढतात, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडच्या माणसांत तो २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. ताईंचा ३९ च्या वर होता. शिवाय मधुमेह, शिवाय गुडघे. तालुक्याच्या डॉक्टरांनीच त्यांना या इंजेक्शनबद्दल सांगितलं होतं. म्हणजे हे खूळ त्यांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. खूळ होतं ते वेगळंच. मोबाईलवर त्यांनी बायकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो बघितले होते आणि मनात हिशोब बांधला होता, की तुळशीच्या लग्नानंतर लेकीचं लग्न आहे, तोवर पंधरा किलो उतरतील आणि वरमाय म्हणून आपण नीट दिसू.

आम्ही त्या दिवशी मंजूर-नामंजूर काहीच केलं नाही. इतिवृत्तात लिहिलं, "माहिती घेऊन पुढील बैठकीत निर्णय." आणि आमच्यातल्या तिघी ताईंबरोबर डॉक्टरांकडे गेलो. याला एक कारण होतं, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्याच गटानं वजन कमी करायच्या पावडरीची एजन्सी घेतली होती. एक माणूस आला, चांगलं बोलला, डब्यामागे कमिशन मिळेल म्हणाला. आम्ही डबे विकले. डब्यावर "शंभर टक्के आयुर्वेदिक" असं मोठ्या अक्षरात छापलेलं, आत काय आहे त्याचं नाव कुठे नाही. ज्या तिघींनी घेतली त्यांची भूक मेली, रात्रीची झोप गेली, एकीचं काळीज इतकं धडधडायला लागलं की रात्री जीप करून दवाखाना गाठावा लागला. पावडर बंद झाली, आठ दिवसांत ती बरी झाली. त्या माणसाचा फोन त्यानंतर लागला नाही. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं एक औषध होतं. हृदयाला धोका म्हणून २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. अशा 'वनस्पतींच्या' पावडरींत ते गुपचूप मिसळलेलं अनेक देशांत सापडलेलं आहे. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर आमच्या हातानं ते डबे कुणाच्या घरात गेले नसते. म्हणून या वेळी ठरवलं, की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्या भाषेत सांगतो.

आपण जेवलो की आतड्यातून काही संदेश सुटतात. पोट भरलं, आता पुरे, असं ते मेंदूला कळवतात आणि साखर सांभाळायला इन्सुलिन सोडायला लावतात. एका संदेशाचं नाव जीएलपी-१, दुसऱ्याचं जीआयपी. ही नवी इंजेक्शनं त्या संदेशांची नक्कल करतात. शरीरातला संदेश काही मिनिटांत विरतो, औषधाचा आठवडाभर टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदाच सुई. पोटातलं अन्न हळू पुढे सरकतं, भूक कमी लागते, आणि सारखं खाण्याचं मनात येणं कमी होतं. चरबी वितळवणारी सुई वगैरे काही नाही ही. खाणं कमी होतं म्हणून वजन कमी होतं, आणि खाणं हळूहळू कमी होतं म्हणून वजनही हळूहळूच.

ताईंना दिलं ते टिर्झेपटाइड. माउंजारो या नावानं ते मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं. दुसरं सेमाग्लुटाइड, ते वजनासाठी वेगोव्ही नावानं जून २०२५ मध्ये आलं. दोन्हींना चिठ्ठी लागते. वजनासाठी माउंजारो द्यायचं तर बीएमआय ३० किंवा जास्त पाहिजे, किंवा २७ च्या वर असून सोबत रक्तदाब, साखर असा एखादा आजार पाहिजे. आमच्यातलीच एक पोरगी मागे लागली होती, मलाही पाहिजे, माझं बघायला येणार आहेत. तिची उंची पाच फूट दोन इंच, वजन बासष्ट. डॉक्टरांनी तिला चक्क हाकललं, आणि बरं केलं.

आता ताईंच्या पंधरा किलोचं काय झालं ते ऐका. टिर्झेपटाइड पहिले चार आठवडे अडीच मिलिग्रॅमच द्यायचं असतं. ती मात्रा वजन उतरवायची नसतेच, पोटाला सवय लावायची असते. मग पाच मिलिग्रॅम. त्यापुढे वाढवायचं तर दर वेळी निदान चार आठवडे थांबून अडीच-अडीचची पायरी. सेमाग्लुटाइडचंही तसंच, पाव मिलिग्रॅमपासून पूर्ण मात्रेला पोचायला सोळा आठवडे लागतात. म्हणजे ताईंनी लग्नाचा मुहूर्त धरला होता तोवर तर जिना चढायला नुकती सुरुवात होणार.

मग डॉक्टरांनी मोठ्या चाचण्यांचे आकडे सांगितले. मधुमेह नसलेल्या लोकांना टिर्झेपटाइड ७२ आठवडे दिलं, तेव्हा पाच मिलिग्रॅमवाल्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं आणि पंधरावाल्यांचं जवळजवळ २१ टक्के. ७२ आठवडे म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त, बायांनो, दोन महिने नव्हेत. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांचं वजन कमी उतरतं. त्यांच्या चाचणीत दहा मिलिग्रॅमवर सरासरी १२.८ टक्के उतरलं. नुसतं पाणी टोचलेल्या लोकांचं ३.२ टक्के उतरलं, कारण आहार आणि चालणं त्यांनाही सांगितलेलं होतं. ताईंच्या ९२ किलोला तो हिशोब लावला तर दीड वर्षाच्या आसपास अकरा-बारा किलो. तेही दहा मिलिग्रॅमला, आणि सरासरी. सरासरी म्हणजे कुणाचं वीस उतरलं असेल, कुणाचं चारही नसेल. डॉक्टर म्हणाले, "तुमची मात्रा पाचच ठेवायची म्हटली तर दीड वर्षात आठ-नऊ किलो उतरले तरी मी पेढे वाटीन."

ताईंचा चेहरा पडला. एवढे पैसे घालून आठ किलो? आम्हालाही तेच वाटलं. मग डॉक्टरांनी गुडघ्याची गोष्ट सांगितली. चालताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. आठ किलोचे बत्तीस किलो झाले. अर्ध्या क्विंटलच्या पोत्यातलं अर्ध्याहून जास्त धान्य दर पावलाला खाली उतरवून ठेवल्यासारखं. आणि पाच-दहा टक्के वजन उतरलं की साखर आणि रक्तदाबही खाली यायला लागतात. ताई म्हणाल्या, "मग मला खाली बसता येईल?" डॉक्टर म्हणाले, "बघू. घाई करू नका."

पैशाचा प्रश्न मात्र राहिला होता, आणि तिथे आमचं खरं काम होतं. त्या वेळी अडीचची एक बाटली ३,५०० रुपये आणि पाचची ४,३७५ रुपये. एक बाटली एका आठवड्याची. पहिल्या चार आठवड्यांचे चौदा हजार, पुढे दर चार आठवड्यांना साडेसतरा हजार. आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर बारा खेपांचा हिशोब मांडला. दोन लाख सहा हजार पाचशे. ज्या वीस हजारांसाठी ताई कर्ज मागत होत्या ते दीड महिनाही पुरले नसते. मग पुन्हा कर्ज, मग सावकार किंवा ते मायक्रो फायनान्सवाले, आणि मध्येच औषध बंद.

औषध मध्येच बंद झालं की काय होतं, त्याचीही चाचणी झालेली आहे. ३६ आठवडे टिर्झेपटाइड घेऊन लोकांचं वजन सरासरी वीस टक्क्यांवर उतरलं. मग अर्ध्यांचं औषध, त्यांना कळू न देता, बंद करून नुसती सुई टोचत राहिले. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्के परत वाढलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. सेमाग्लुटाइडचंही तसंच दिसलं, बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. यात कुणा बाईचा आळस किंवा जिभेचा चोचला शोधू नका. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढतो तेव्हा आपण माणसाला दोष देतो का? तसंच हे.

पुढच्या बैठकीत जोरदार वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, दोन लाखांत बोअर होते. दुसरी म्हणाली, तिच्या पोराचे पैसे आहेत, तुझ्या बोअरचा काय संबंध. आमच्या गटात बाळंतपणाला, ऑपरेशनला कर्ज मागितलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. मग लठ्ठपणालाच का? यावर आमचं एकमत झालं, की आजार म्हणून मागायचा ताईंना हक्क आहे. पण कर्ज एकदाच्या खर्चाला असतं. दर महिन्याच्या खर्चाला उसनवारी केली तर ती फिटत नाही. रोजच्या मीठ-मिरचीला कर्ज काढणाऱ्या घराचं काय होतं ते आपण बघितलेलं आहे.

म्हणून ठरलं असं. गटानं सहा हजार दिले, सहाशेचे दहा हप्ते, व्याज नेहमीचं. त्यात रक्ताच्या तपासण्या, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, साखर मोजायचं घरगुती यंत्र आणि त्याच्या पट्ट्या. मधुमेहात साखर झपाट्यानं खाली आली तर कधी कधी डोळ्याच्या पडद्याचा जुना त्रास वाढतो, म्हणून ती तपासणी आधी. औषधाचे पैसे चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं बारा हजार आणि डेअरीच्या पगारातून ताईंनी साडेपाच हजार, असे उभे करायचे. वर्षभराचा जमाखर्च कागदावर बसला, तेव्हाच पहिली सुई.

पहिली सुई ऑगस्टच्या शेवटी. आशाताईंनी पोटावर कशी टोचायची ते दाखवलं, तिसऱ्या वेळेपासून ताई स्वतः घ्यायला लागल्या.

आणि मग सुरू झाला काट्याचा ताप. पिठाच्या गिरणीवर वजनकाटा आहे, ताई दळण असो-नसो रोज जायच्या. आज ९१ किलो ८००, उद्या ९२ किलो ३००, परवा पुन्हा ९१ किलो ९००. रोजचं वजन पाण्यानं, मिठानं, पोट साफ झालं की नाही यानं, पाळीनं किलोभर इकडेतिकडे होतंच. पण ताई त्यावर दिवसभर रडायच्या नाहीतर हसायच्या. चार आठवड्यांत एक किलो उतरलं. एक किलोला चौदा हजार! त्यांच्या नवऱ्यानंच हे गणित केलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं. चुलत जाऊ म्हणाली, दोन बाटल्या एकदम टोच, लवकर उतरेल. ताई त्याच विचारात होत्या. आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि डॉक्टरांना फोन लावला. ते एवढे रागावले की फोन कानापासून लांब धरावा लागला. मात्रा एकदम वाढवली तर वजन लवकर उतरत नाही, उलट्या-जुलाबांनी माणूस वाळून दवाखान्यात जातं आणि मूत्रपिंडाला इजा होते. त्या दिवसापासून गिरणीवाल्या काकांना आम्ही सांगून ठेवलं, की या बाईला महिन्यातून एकदाच काट्यावर चढू द्यायचं. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की मध्ये एकदा डॉक्टरांनी वजन बघून या म्हटलं तरी चढू देईनात.

काट्याऐवजी आमच्यातल्या शिवणकामवाल्या वहिनींनी टेप धरला. महिन्यातून एकदा कंबर मोजायची, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असली तर जोखीम धरतात. ताईंची पहिल्या दिवशी ११० होती.

नवरात्रात मोठी चूक झाली आणि ती आमचीही होती, कारण आम्हाला ठाऊक असून कुणी बोललं नाही. पाचची मात्रा नेमकी तेव्हा सुरू झालेली. मळमळ होतीच. ताईंचे दरवर्षी नऊ दिवसांचे उपवास, नुसतं लिंबूपाणी आणि रात्री दोन घास भगर. साखरेच्या जुन्या गोळ्यांपैकी एक गोळी साखर जोरात खाली ओढणारी होती. ती डॉक्टरांनी अर्धी केली होती, पण उपवासाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या माळेला आरतीच्या वेळी ताईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. गटाच्या पैशांतून घेतलेल्या यंत्रावर साखर ५८ आली. प्रसादाचा गूळ तोंडात घातला, पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग वर आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती गोळी बंदच केली. देवीचे उपवास करू नका असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि वर ही सुई असेल, तर घटाला बसण्याआधी डॉक्टरांना विचारून या. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळ्याला हे लागू आहे.

मळमळीला आम्हाला काय उपयोगी पडलं ते सांगतो. ताट लहान केलं. तेलकट, तळलेलं बंद, कारण अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि तळलेलं फारच त्रास देतं. पोट भरलंय असं वाटलं की घास हातात असला तरी ठेवायचा. आपल्या बायांना हे जड जातं, पातेल्यातलं उरलेलं संपवायची सवय असते ना. पाणी मात्र ठरवून प्यायचं, तहान कमी लागते. बद्धकोष्ठ झालं तेव्हा भाजी आणि ताक वाढवलं. आणि भूक कमी आहे म्हणून चहा-बटरवर दिवस काढायचा नाही. उतरणाऱ्या वजनातला साधारण पाव भाग मांसपेशींचा असू शकतो. त्या गेल्या की बाईची ताकद जाते. म्हणून जे थोडं खायचं त्यात मटकी, हुलगे, डाळ, अंडं, दही आधी आणि भाकरी नंतर. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठबस, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. पहिल्या आठवड्यात ताईंना तीन जमल्या.

दिवाळीत बाटली गोठली. ताईंकडे फ्रीज नाही, शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. शेजारणीनं फराळाला जागा करायला ती बर्फाच्या कप्प्यात सरकवली. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. ४,३७५ रुपये गेले. शेजारीण रडली, ताई रडल्या, दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. नवीन बाटली यायला दोन दिवस उशीर झाला, पण चुकलेली सुई चार दिवसांच्या आत घेतली तर चालते, त्यामुळे त्यात अडलं नाही. बाहेर ठेवायचं तर तीस अंशांच्या आत एकवीस दिवस टिकतं, पण आपल्याकडे चैत्र-वैशाखात सावलीतसुद्धा पारा चाळीसला जातो, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

काही गोष्टी पटकन सांगून घेतो, कारण ऐकणाऱ्यांत लेकी-सुनाही आहेत. दिवस गेलेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर ही औषधं नाहीत. सेमाग्लुटाइड तर त्याच्या दोन महिने आधी थांबवावं लागतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर टिर्झेपटाइडनं त्यांचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झालेला असेल तर हे औषध चालत नाही. पोटात वरच्या बाजूला पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या थांबत नसतील, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे असू शकतात.

लग्न झालं. नोव्हेंबरच्या मध्याला. ताईंचं वजन तेव्हा साडेअठ्ठ्याऐंशी. पंधरा किलो कुठे आणि साडेतीन कुठे. पैठणीवरचा ब्लाउज वहिनींनी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतला, तेवढंच. पाहुण्यांतल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकजण म्हणाली, "लेकीच्या लग्नाच्या काळजीनं सुकलात जरा." ताईंना त्याचाही आनंद झाला. पण आमच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. लेकीच्या पाठवणीपर्यंत ताई पायावर उभ्या होत्या. साखरपुड्याला याच बाईला दर अर्ध्या तासानं खुर्ची लागत होती.

आता संक्रांतीच्या बैठकीचं सांगतो. या वर्षी वाण म्हणून आम्ही प्लास्टिकच्या वाट्या लुटल्या नाहीत, शिंप्याचा टेप लुटला. सात रुपयाला एक, ठोक भावात. ताईंची कंबर १०३ भरली. वजन ८६ किलो २००, आणि गेले तीन आठवडे ते हललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, असं थांबणं येतंच, शरीर अडून बसतं, महिना-दोन महिने बघू, मग मात्रेचा विचार करू. ताई म्हणाल्या, "अडू दे, माझी म्हैस पण अडते." तीन महिन्यांची साखर साडेनऊवर होती ती साडेसातवर आली. गुडघा अजून दुखतो, पण जिना चढताना कठडा धरत नाहीत.

मुलाचे बारा हजार मात्र ओढाताणीनं येतात. त्याचं स्वतःचं लग्न ठरायचंय. भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर आपल्या देशातल्या कंपन्यांनाही ते काढता येतं. भाव उतरले तर औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवलंय. तोवर आहे ते चालू ठेवायचं, मध्ये खंड पाडायचा नाही, असं ताई आणि मुलगा दोघांनी ठरवलंय. गटातल्या आणखी दोघींनी चौकशी केली. एकीचा बीएमआय बसत नाही. दुसरीचा बसतो, पण वर्षाचा हिशोब बसत नाही. तिला आम्ही तसं सांगितलं. तिच्या साखरेच्या गोळ्या आणि रोजचं चालणं यावरच डॉक्टर सध्या भर देतायत, आणि ती ताईंबरोबर सकाळी ओढ्यापर्यंत चालायला जाते.

ताईंच्या सहा हजारांपैकी पाच हप्ते आले, पाच राहिले. एकही चुकला नाही. पुढची बैठक दहा तारखेला, दुपारी दोन वाजता, अंगणवाडीच्या ओट्यावर. खुर्ची आम्ही अजूनही आणून ठेवतो. मागच्या बैठकीत ताई पहिली दहा मिनिटं सतरंजीवर बसल्या, मग उठल्या, एका हाताचा आधार घेऊन, पण स्वतःच्या स्वतः.